कलम जगायला रस लागतो

वाचकांचे प्रश्न, मिरजेच्या बालमधुमेहतज्ज्ञ डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले, मळ्यात राहतो. द्राक्षबाग आहे, अडीच एकर. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला टाइप वन डायबेटिस निघाला. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं. ती स्वतः टोचून घेते, रडत नाही. रडते मी. गेल्या महिन्यात धाकट्या दिरांनी एका मोठ्या शहरातल्या केंद्राचं पत्रक आणलं. पोटावरची थोडी चरबी काढायची, त्यातून तिच्याच मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी घडू शकतात) वेगळ्या करायच्या आणि सलाइनमधून परत द्यायच्या. असं तीन वेळा. खर्च साडेचार लाख, आणि सहा महिन्यांत इन्सुलिन बंद. 'स्वतःच्याच पेशी, त्यामुळे रिअ‍ॅक्शन नाही' असंही लिहिलंय. सोबत बऱ्या झालेल्या एका मुलाचा व्हिडिओ पाठवलाय. मुलीचे बाबा म्हणतात, कोल्ड स्टोरेजला ठेवलेला बेदाणा भाव नसला तरी काढू. दीर म्हणतात, परदेशात मूलपेशींनी शुगर बरी झाल्याच्या बातम्या पेपरात आल्यात, मग हे खोटं कसं? इथल्या डॉक्टरांना विचारलं तर ते नुसतं 'नको' म्हणाले. का नको ते कुणी सांगत नाही. तुम्ही सांगाल का?

आणखी एक. मळ्यात लाइट आठ-आठ तास नसते. मी इन्सुलिन माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवते. चालतं का?

– एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, बेदाणा काढू नका. आधी एवढं यजमानांना दाखवा. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, दुपारी निवांत वाचलंत तरी चालेल.

'का नको ते कुणी सांगत नाही' हे वाक्य मला लागलं, कारण याच्या उलट बाजूची चूक मी केलेली आहे. २००१ साल असेल. मिरजेत दवाखाना टाकून मला दोन वर्षं झाली होती. जतहून एक वडील आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. मी नुकतंच कॅनडातल्या एडमंटनचं वाचलं होतं, त्या भरात म्हणून गेले, "काळजी करू नका, दहा वर्षांत इंजेक्शनं जातील." त्या मुलीला आता स्वतःची मुलगी आहे. दर दिवाळीला फोन करते, घरचं सगळं बोलून होतं आणि ठेवता ठेवता विचारते, "मॅडम, दहा वर्षं झाली का हो?"

तर त्या एडमंटनपासूनच सुरू करते.

जठराच्या मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड असतं. त्यात ठिकठिकाणी पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. १८६९ मध्ये बर्लिनमधल्या पॉल लँगरहॅन्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने ते पहिल्यांदा नोंदवले, म्हणून त्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतात. एका माणसात साधारण दहा लाख बेटं असतात, पण सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या दोन टक्केही भरत नाहीत. इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशी या बेटांवरच राहतात. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती नेमकं त्यांनाच शत्रू समजून मारते. तुमच्या मुलीने गोड जास्त खाल्लं म्हणून हे झालेलं नाही. सासूबाई तसं म्हणत असतील तर हा परिच्छेद मोठ्याने वाचा.

२००० साली एडमंटनच्या डॉ. जेम्स शपिरो आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. मरणोत्तर दान मिळालेल्या स्वादुपिंडातून फक्त बेटं सोडवून घेतली आणि यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून आत सोडली. बेटं यकृतात जाऊन अडकतात आणि तिथे बसून इन्सुलिन करतात. सातही जणांची इंजेक्शनं सुटली. माझा उत्साह काही अगदीच वेडा नव्हता.

पण त्या सातांपैकी प्रत्येकाला किमान दोन दात्यांची बेटं लागली होती. आपल्या देशात दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक मरणोत्तर दातासुद्धा मिळत नाही. पुढे हाच प्रयोग नऊ केंद्रांत मिळून ३६ रुग्णांवर केला, त्याचा अहवाल २००६ मध्ये आला. वर्षाअखेर १६ जणांना इन्सुलिन लागत नव्हतं आणि शुगरही ताब्यात होती. त्या १६ मधले दोन वर्षांनी इन्सुलिनशिवाय उरले फक्त पाच. बाकीच्यांचं सगळं वाया गेलं असं नाही. ज्यांची बेटं थोडीफार टिकली त्यांचं शुगर अचानक घसरून बेशुद्ध पडणं थांबलं, आणि ते काही थोडंथोडकं नव्हे. पण इंजेक्शन परत आलं.

ती बेटं का गळाली, हे तुमच्या यजमानांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. माझं माहेर पलूसकडचं. वडिलांची दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग होती. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला ज्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं त्याचं आडनाव थॉमसनच होतं. वडिलांना याचं इतकं कौतुक की बागेत येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ते ऐकावं लागे. ऑगस्ट-सप्टेंबरात डॉगरीज जातीच्या द्राक्षवेलाच्या खुंटावर कलमं भरायला माणसं यायची, तेव्हा वडील मागे उभे राहून एकच गोष्ट बघायचे, पट्टी नीट आवळली की नाही. काडी कितीही जातिवंत असो, सांधा जुळून खुंटाचा रस वर चढेपर्यंत ती स्वतःच्या अंगातल्या ओलाव्यावर जगत असते. तेवढ्या दिवसांत सुकली तर गेली.

बेटांचंही असंच आहे. स्वादुपिंडात असताना वजनाने नगण्य असलेली ही बेटं तिथल्या रक्तातला दहा टक्क्यांहून जास्त वाटा ओढतात, इतकी ती रक्ताची भुकेली. सोडवून घेताना त्यांच्या रक्तवाहिन्या तुटतात. यकृतात नवीन वाहिन्या रुजायला दोनेक आठवडे जातात. त्यात रक्ताशी उघडी गाठ पडली की भोवती गुठळ्या होतात, दाह सुरू होतो. निम्म्याच्या आसपास बेटं सुरुवातीच्या काही दिवसांतच मरतात.

मूलपेशींचं पहिलं खरं काम इथे येतं. अस्थिमज्जेत, चरबीत, नाळेत मेसेन्कायमल नावाच्या मूलपेशी सापडतात. त्या स्वतः इन्सुलिन करत नाहीत. हे वाक्य दिरांना दोनदा वाचून दाखवा. पण बेटांच्या सोबत त्या सोडल्या तर नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारी द्रव्यं स्रवतात, दाह शमवतात, चालून आलेल्या प्रतिकारपेशींना थोडं थोपवतात. उंदरांमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसलंय. मूलपेशी सोबत असल्या की बेटांभोवती वाहिन्या लवकर येतात आणि कमी बेटांत काम भागतं. माणसांवरचे प्रयोग अजून लहान आहेत. कलमाच्या भाषेत सांगायचं तर या पेशी म्हणजे काडी नव्हे, सांध्यावरची ओली पट्टी.

आता पत्रकाकडे बघा. चरबीतल्या मूलपेशी सलाइनमधून द्यायच्या, बेटं कुठेच नाहीत. काडी न लावता नुसती पट्टी गुंडाळायचे साडेचार लाख मागताहेत.

दिरांनी पेपरात वाचलं ती गोष्ट वेगळी, आणि तीही खरी आहे. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले डग्लस मेल्टन मूळचे बेडकांच्या वाढीवर काम करणारे. १९९१ मध्ये त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला टाइप वन निघाला, पुढे मुलीलाही. माणूस बेडूक सोडून बीटा पेशींच्या मागे लागला. मानवी मूलपेशींना टप्प्याटप्प्याने वळण लावत प्रयोगशाळेत ढिगाने बीटा पेशी तयार करता येतात, हे त्यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं. इथे मूलपेशी ही पट्टी नाही, काडीच आहे. दात्याची वाट बघायला नको. त्याच वाटेने तयार झालेल्या बेटांच्या चाचणीचे निकाल जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा दिलेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. वाचताना मला त्या जतच्या वडिलांची आठवण झाली. पण या वेळी मी कुणाला फोन केला नाही.

कारण त्याच अहवालात पुढे आहे की चाचणीतल्या दोघांचा मृत्यू झाला. एकाचा आधीपासून असलेला मेंदूचा आजार वाढून, दुसऱ्याचा मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग होऊन. प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेल्या माणसांना असे संसर्ग गाठतात. ही बेटं परकी असतात, त्यामुळे ती टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहावं लागतं. त्यातली काही मूत्रपिंडाला त्रास देतात. म्हणून चाचणीत घेतले होते ते सगळे प्रौढ, आणि तेही शुगर कोसळली तरी ज्यांना कळत नाही, जे वारंवार बेशुद्ध पडतात असे. त्यांच्या बाबतीत तो सौदा परवडतो. हसतखेळत शाळेत जाणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीचं इन्सुलिन काढून बदल्यात त्या गोळ्या द्यायच्या, हा सौदा मी माझ्या मुलीसाठी केला नसता.

मग 'स्वतःच्याच पेशी, रिअ‍ॅक्शन नाही' याचं काय? हे वाक्य ऐकायला इतकं सरळ आहे की डॉक्टरसुद्धा फसतात. वेल पाहुण्या काडीवर सैन्य सोडत नाही, आपलं शरीर सोडतं, इथपर्यंत ठीक. पण तुमच्या मुलीच्या शरीराने मारल्या त्या बीटा पेशी परक्या कुठे होत्या? तिच्याच होत्या. तिच्याच पेशींपासून अस्सल नवी बेटं घडवून आत ठेवली तरी ते जुनं वैर जागं होणार. चीनमध्ये तिआनजिनला २५ वर्षांच्या एका तरुणीला तिच्याच चरबीतल्या पेशींपासून घडवलेली बेटं पोटाच्या स्नायूंच्या आवरणाखाली ठेवली आणि ७५ दिवसांनी तिचं इन्सुलिन सुटलं. २०२४ मध्ये ही बातमी जगभर गाजली, पत्रकवाल्यांनी बहुधा हीच उचलली असावी. तिचं आधी यकृत बदललेलं होतं आणि त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच होती, एवढं मात्र पत्रकात येत नाही. शिवाय चरबीतली पेशी आधी उलटी फिरवून मूळपदावर नेणं, मग तिची बेटं घडवणं, मग त्यात एखादी अर्धवट पेशी राहून गाठ तर होणार नाही ना हे तपासणं, याला महिने लागतात. दुपारी चरबी काढून संध्याकाळी सलाइन लावण्यातलं हे काम नव्हे.

स्वीडनमध्ये उप्साला इथे आणखी एक वाट चाचपताहेत. दात्याच्या बेटांमध्ये जनुकीय बदल करून ती प्रतिकारशक्तीला ओळखूच येणार नाहीत अशी केली आणि एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत टोचली. दाबणारी औषधं अजिबात न देता बेटं जगली, इन्सुलिन करू लागली. मात्रा मुद्दाम थोडी ठेवली होती, त्यामुळे त्याचं इंजेक्शन सुटलं नाही. माझा डोळा आता या वाटेवर आहे. वर्षं मात्र विचारू नका, मी ती एकदा सांगून बसले आहे.

व्हिडिओतल्या मुलाबद्दल. तो खोटंच बोलत असेल असं मला वाटत नाही. टाइप वन नवा निघाला आणि इन्सुलिन सुरू झालं की उरल्यासुरल्या बीटा पेशी काही महिने पुन्हा उभ्या राहतात. इन्सुलिन खूप कमी लागतं, एखाद्याला जवळजवळ लागतच नाही. याला आम्ही 'हनिमून' म्हणतो. शब्द डॉक्टरांनीच ठेवलाय, पण मुलाच्या आजीसमोर उच्चारताना मी दरवेळी ओशाळते. या दिवसांत कुणी मूलपेशी दिल्या काय आणि अंगारा दिला काय, श्रेय त्यालाच मिळतं. म्हणून त्या केंद्राला विचारा, मुलाला मधुमेह निघून किती महिने झाले होते, आणि उपचाराआधी व वर्षभरानंतर त्याचं सी-पेप्टाइड किती होतं? शरीर स्वतः किती इन्सुलिन करतंय हे त्या तपासणीत कळतं. तिथे उत्तर नसेल तर पुढे बोलायला नको.

आणि कायद्याच्या बाजूने. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांत अस्थिमज्जा बदलणं सोडलं, तर मूलपेशींचा इतर वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, ती कुणालाही फुकट बघता येते. आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. साडेचार लाखांची पावती हाच ती चाचणी नसल्याचा पुरावा.

मला खरी धास्ती पैशांची नाही, 'इन्सुलिन बंद' या शब्दांची आहे. कुठल्याशा उपचाराच्या भरवशावर इन्सुलिन सोडलेला एक मुलगा माझ्याकडे धापा टाकत, तोंडाला कुजक्या फळासारखा वास येत असलेला, असा आणला होता. वाचला, पण चार दिवस आयसीयूत होता. काहीही झालं तरी इन्सुलिन एक दिवसही थांबवायचं नाही.

साडेचार लाखांचा एक हिशेब मांडते. शुगर तपासायची पट्टी वीस रुपयांना धरली आणि दिवसाला पाच वापरल्या तर वर्षाचे साडेछत्तीस हजार होतात. त्या पैशांत बारा वर्षं पट्ट्या येतील, म्हणजे मुलगी तेविशीची होईपर्यंत. तुम्ही दिवसाला किती वेळा तपासता हे पत्रात नाही. माझा अंदाज एकदा किंवा दोनदा. पट्टी महाग म्हणून घरोघरी हेच होतं, आणि मग इन्सुलिन अंदाजाने दिलं जातं. तिथे हात सैल सोडा.

माठाचं विचारलंत ते उत्तम. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा कित्येक दिवस लाइट नव्हती. सांगलवाडीच्या एका आईने मुलाचं इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डबीत घालून, डबी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवून टिकवलं होतं. औषध बिघडलं नाही. तुम्हीही तसंच करा, फक्त फडकं थेट बाटलीला लावू नका. लेबल भिजून निघतं आणि बाटल्यांची अदलाबदल होते. सावलीत, वारा लागेल असं ठेवा. वापरात असलेली बाटली उघडल्याची तारीख लिहून चार आठवड्यांनी टाकून द्या. बर्फाला चिकटून मात्र कधीच ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन दिसतं तसंच, पण निकामी झालेलं असतं.

प्रश्न : मला स्वतःला टाइप वन आहे, वय ३१. पत्नीला सातवा महिना आहे. बाळाच्या नाळेतलं रक्त बँकेत ठेवा, पुढे बाळाला मधुमेह झाला तर त्यातल्या मूलपेशी कामी येतील, असा एका प्रतिनिधीचा रोज फोन येतो. हप्त्याने पैसे भरायची सोय आहे म्हणे. ठेवावं का?

– एक वाचक, सातारा

उत्तर : अभिनंदन, आणि नको. वडिलांना टाइप वन असेल तर बाळाला होण्याची शक्यता शंभरात पाच-सहा, म्हणजे न होण्याची चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या असतात. टाइप वन झालेल्या मुलांना त्यांचंच साठवलेलं नाळेचं रक्त देऊन अमेरिकेत फ्लोरिडामध्ये पाहिलं गेलं, बीटा पेशींची घसरण त्याने थांबली नाही. घरच्यापुरतं नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवण्याची शिफारस आयसीएमआरही करत नाही. अपवाद आहे. थोरल्या भावंडाला थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असेल तर जरूर विचारा.

त्याऐवजी प्रसूतीच्या डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा, बाळ ठणठणीत असेल तर नाळ निदान एक मिनिट थांबून कापा. ते रक्त बाळाच्याच अंगात जातं, त्यातलं लोह पुढे कित्येक महिने पुरतं. हप्ता नाही. पेढे मात्र वाटा, तुमच्या गावचे कंदी, आणि एखादा खाल्लात तर त्याचं इन्सुलिन मोजून घ्या.

प्रश्न : वडील ४४ वर्षांचे. स्वादुपिंडाला वारंवार सूज येते, नऊ वर्षं पोटदुखी. दारू कधीच नाही. आता पुण्याचे सर्जन पूर्ण स्वादुपिंड काढू म्हणताहेत. मग डायबेटिस होणारच ना? काही वाचवता येतं का?

– एक मुलगी, कराड

उत्तर : हो, स्वादुपिंड गेलं की इन्सुलिन गेलं. पण वाचवता येतं, आणि हे मूलपेशींपेक्षा कितीतरी जुनं आहे. काढलेल्या स्वादुपिंडातून रुग्णाचीच बेटं सोडवून त्याच्याच यकृतात सोडायची, ही शस्त्रक्रिया अमेरिकेत मिनेसोटा इथे १९७७ पासून होते. वर तासगावच्या ताईंना सांगितलेल्या दोन्ही अडचणी इथे नाहीत. बेटं परकी नाहीत आणि वडिलांच्या शरीराचं त्यांच्याशी वैरही नाही. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागत नाहीत. सगळ्यांचंच इन्सुलिन सुटतं असं नाही, पण थोडी बेटं जगली तरी शुगरचे हेलकावे खूप कमी होतात. बेटांसोबत रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल पेशी देऊन ती जास्त जगतात का, हे अमेरिकेत साउथ कॅरोलिनामध्ये अशाच रुग्णांवर तपासत आहेत.

बेटं सोडवण्याची प्रयोगशाळा हाताशी लागते आणि काढलेलं स्वादुपिंड काही तासांतच तिथे पोचावं लागतं. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी सर्जनना विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. सोबत वडिलांचं सी-पेप्टाइड आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) करून न्या. नऊ वर्षांच्या सुजेत किती बेटं उरलीत याचा अंदाज त्यावरून येईल. उरलीच नसतील तर या खटाटोपात अर्थ नाही, मग इन्सुलिन टोचायचं कसं ते तुम्हीच शिकून घ्या. मिरजेला या, शनिवारी दुपारी मी ते शिकवते. वडिलांना घेऊन या, आणि आईलाही.